खोलीचं मोजमाप

पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, तरी लॅपटॉपवरची आवाजाची रेघ खाली बसेना.

नवरा सोफ्याच्या मागे हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या नेहमीच्या बसायच्या जागी, बरोबर कानांच्या उंचीवर, स्टँडवर माइक लावलेला होता. दुकानातून आलेली इंजिनिअर जमिनीवर मांडी घालून बसली होती. होम थिएटरच्या नव्या प्रोसेसरला खोलीची ओळख करून द्यायची तर आधी खोली गप्प पाहिजे, हे तिनं आल्याआल्याच सांगितलं होतं.

"मी म्हणत नव्हतो?" नवरा बायकोला म्हणाला.

बायको दारात उभी होती. रागानं तिचे कान तापले होते.

नव्या प्रोसेसरमध्ये काय काय हवं यावर त्यानं कित्येक महिने घालवले होते. आवाजाचे तेरा चॅनेल हवेत. संवाद तेवढे वेगळे मोठे करता आले पाहिजेत. प्रत्येक स्पीकरचा आवाज पोहोचायला लागणारा उशीर स्वतंत्र जुळवता आला पाहिजे. आणि मुख्य म्हणजे घरात कुठे काही घुरघुरत असेल तर प्रोसेसरनं ते स्वतःच ओळखून पुसून टाकलं पाहिजे. या शेवटच्या मागणीवर इंजिनिअरनं नकारार्थी मान हलवली होती. तसलं काही अजून निघालेलं नाही, आवाज जिथून येतो तिथेच बंद करावा लागतो, असं ती म्हणाली. तो कुठून येतो हे दाखवायला नवऱ्यानं लगेच भिंतीकडे बोट केलं होतं.

भिंतीपलीकडे बायकोचे वडील राहत. फुप्फुसं थकल्यापासून त्यांच्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालू असे. नवऱ्याच्या मते जुना प्रोसेसर कधी वाईट नव्हताच, वाईट होती ती ही भिंत. त्यानं शहराबाहेर एक सोय बघून ठेवली होती. त्या वृद्धाश्रमाला तो सोयच म्हणे. काल जेवताना तो विषय पुन्हा निघाला आणि बायकोचा तोल गेला. मोजून दाखव, ती म्हणाली. मशीन बंद केल्यावर तुझी खोली गप्प झाली, तर मी स्वतः बाबांची बॅग भरीन. बोलून गेली, आणि मग ताट सारून उठली.

म्हणून पंखा आणि फ्रिजनंतर आता मशीनही बंद केलं. बाबा तासाभराचा छोटा सिलिंडर घेऊन खाली बाकावर जाऊन बसले होते. तेवढीच मोकळी हवा, असं म्हणत हसत गेले होते. तिला त्या हसण्याचा सगळ्यात जास्त राग आला होता.

मशीन बंद झाल्यावर रेघ थोडी उतरली. पण थोडीच. नवऱ्याला ते पटेना. त्या खोलीत अजून काहीतरी चालू असणार, म्हणत तो आत गेला. त्यानं घड्याळातला सेल काढला, रेडिओचा प्लग उपटला, उशी उचलून खाली पाहिलं. ती मागोमाग गेली.

"त्या खोलीत आता माझे वडीलसुद्धा नाहीत," ती म्हणाली. "अजून काय बाहेर काढायचंय तुला?"

बाहेर येऊन तो पुन्हा सोफ्यामागे, माइकच्या पाठीशी उभा राहिला आणि इंजिनिअरला पुन्हा मोजायला सांगितलं. या वेळी बायको दारात थांबली नाही. जे काय व्हायचं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, म्हणून ती लॅपटॉपवर वाकली.

रेघ सरळ नव्हती. ती चटकन वर जायची, मग रेंगाळत खाली यायची, थबकायची, पुन्हा वर जायची. चढ आखूड, उतार लांब. उताराच्या शेवटी बारीक करवतीसारखे दाते. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे, आलेख तिच्या रोजच्या पाहण्यातले. पण हा तिनं फळ्यावर काढलेला नव्हता. बाबांच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून, पांघरुणाच्या वरखाली होण्यात तिनं तो दोन वर्षं पाहिला होता.

तिला अजून राग आलेला होता. फक्त तो कुठे ठेवायचा, ते क्षणभर कळेना.

"श्वास धर," ती म्हणाली.

"कोण, मी?"

"हो, तूच. धर."

त्यानं वैतागून इंजिनिअरकडे पाहिलं. काय एकेक खुळं, असा चेहरा करून त्यानं गाल फुगवले.

रेघ खाली गेली आणि तळाला चिकटली. खोलीत काहीच उरलं नाही. नवऱ्याचे डोळे चमकले. इतक्या महिन्यांत त्याला हवी होती ती हीच शांतता. तो तिच्याकडे बोट करणार, तेवढ्यात त्याचं तोंड उघडलं, छातीतून शिटीसारखा आवाज निघाला आणि रेघ उसळली. तो खोकला. खोकता खोकताच तो पडद्याकडे बघत राहिला. तो थांबला की रेघही थांबत होती.

"जिना चढून आलं की होतं असं," तो म्हणाला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"तू लिफ्टनं येतोस."

इंजिनिअर खाली मान घालून, गरज नसताना, माइकची वायर गुंडाळायला लागली.

बायको आत गेली आणि तिनं मशीन चालू केलं. घुरघुर भिंतीतून बाहेर आली. तिनं खाली वडिलांना फोन लावला. आवाजातला राग अजून गेलेला नव्हता.

"बाबा, वर या आता. आणि तुमच्या त्या छातीच्या डॉक्टरांची उद्याची वेळ मिळते का, विचारा." पलीकडून काळजीनं काहीतरी विचारलं गेलं. "नाही बाबा, तुमच्यासाठी नाही."