एकास अठ्ठेचाळीस

फोटो काढला तरी भिंतीवर त्याचा चौकोन राहिलाच. विद्याधरने त्यावर मेडिकलवाल्याचं कॅलेंडर लटकवलं आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. कॅलेंडर थोडं लहान पडत होतं.

"अहो, तुमचा तो ग्रुप फोटो कुठे गेला?" कुंदाने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं.

"काच तडकली होती. कपाटात ठेवलाय."

"सकाळी तर धड होती."

"ती मुलगी आली की माझ्या नोकरीचं पुराण लावू नकोस. मॉडेल न्यायला येतेय, घेऊन जाईल."

कुंदाने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि आत गेली.

टेबलावर विमान तयार उभं होतं. खऱ्याचा अठ्ठेचाळिसावा हिस्सा, जेमतेम फूटभर लांबीचं. मुलुंडच्या या दोन खोल्यांत विद्याधरने आजवर तीसेक लढाऊ विमानं जोडली आणि रंगवली होती. निवृत्त माणसाला काहीतरी हवंच. पण या एकाने त्याची झोप उडवली होती.

दोन महिन्यांपूर्वी श्वेता नावाची तिशीची मुलगी पवईहून किटचा खोका आणि एक फोटो घेऊन आली. "काका, हे माझ्या बाबांचं विमान. शेवटचं," ती म्हणाली. फोटोतल्या शेपटीवरचा नंबर विद्याधरने लगेच ओळखला.

तेवीस वर्षांपूर्वी एका हवाई तळावर त्या विमानाची शेवटची तपासणी करून, अंगठा वर करून, त्याला धावपट्टीकडे सोडणारा माणूस तोच होता. सकाळ घाईची होती. वहीत जे लिहायला हवं होतं ते सगळं त्याने लिहिलं नव्हतं. विमान पडलं. चौकशीत ठपका वैमानिकावर, देवव्रतवर बसला. मेलेला माणूस काय बोलणार? विद्याधर बोलू शकला असता, पण नोकरी गेली असती. तो गप्प बसला आणि पुढे तेच अंगवळणी पडलं.

त्याने काम नाकारायला हवं होतं. पण नाही म्हटलं असतं तर तिने 'का' विचारलं असतं. शिवाय त्याला मनापासून वाटलं, एवढं तरी आपण त्या माणसासाठी नीट करावं.

आणि त्याने जीव ओतला. जोड नखालाही लागू नये म्हणून तो पॉलिश पेपरने तासन् तास घासत बसला. सीटचे पट्टे चिमट्याने बसवले. इंजिनाच्या मागच्या तोंडाशी काजळी धरली, नाकावरचा उडालेला रंग दाखवला, शिडी लावून लावून कॉकपिटखाली पडलेले ओरखडे काढले. डाव्या पंखाखालचं झाकण किंचित गडद केलं, चाकापाशी तेलाचा ओघळ सोडला. फोटोकडे बघायची त्याला फारशी गरज पडली नाही. फक्त शेपटीवरचा नंबर त्याला तीनदा काढून पुन्हा चिकटवावा लागला.

बेल वाजली.

श्वेता खुर्चीच्या टोकावर बसली आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

"काका, झकास झालंय," ती हळूच म्हणाली. "हा तेलाचा ओघळ फोटोत होता?"

"सगळ्या विमानांना असतो तो. इंटरनेटवर बघितलं."

"तुम्ही कधी जवळून पाहिलंत असं विमान?"

"छे. आम्ही कुठे बघणार?"

तिची नजर भिंतीवर गेली. "कॅलेंडर मागच्या महिन्यावरच आहे तुमचं."

"असू दे. बदलतो नंतर."

कुंदा चहा घेऊन आली. "ह्यांना पहिल्यापासून वेड. नोकरीच तशी होती ना..."

"कुंदा, साखर कमी आहे."

कुंदाने श्वेतापुढे कप ठेवला. श्वेताने घोट घेतला. "बरोबर आहे की, काकू."

कुंदा आत गेली, तशी श्वेताने विमान दोन्ही हातांनी उचललं आणि उलटं केलं. तिचा अंगठा पोटावरून, पंखाखालून सावकाश सरकत गेला. तिचे डोळे भरले. विद्याधरला तिची फार दया आली. आताच सांगून टाकावं असं एकदा ओठावर आलं, पण त्याने ते चहाबरोबर गिळलं.

"आई सांगते, उडायच्या आधी बाबा विमानाभोवती एक चक्कर मारायचे," ती म्हणाली. "पण खाली वाकून किती बघणार? खालच्या माणसांवर विश्वास असतो."

"असणारच," विद्याधर म्हणाला. "थर्माकोलचा खोका देतो. पंख सांभाळून ने."

तो उठला. सुटलो, असं त्याला क्षणभर वाटलं.

"काका, बसा ना." तिने पर्समधून त्याच फोटोची आपली प्रत काढून टेबलावर ठेवली. "हा फोटो बाबांनी अपघाताच्या आदल्या संध्याकाळी काढला. यात पंखाखालची सगळी झाकणं एकाच रंगाची आहेत. तुम्ही केलंय तसं गडद झाकण अपघातानंतर शेतात सापडलं, विमान पडलं त्याच्या तीन किलोमीटर अलीकडे. ते दुसऱ्याच विमानाचं समजून चौकशीत बाजूला ठेवून दिलं. बसवल्याची कुठे नोंदच नव्हती."

विद्याधर उभाच राहिला. आत कुंदाने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"त्या सकाळी ड्यूटीवर सहा जण होते," श्वेता म्हणाली. "पाच जणांच्या घरी जाऊन मी विचारलं, ते झाकण तुम्ही पाहिलं होतं का. सगळे नाही म्हणाले. तुम्ही मॉडेल करता असं कळलं, म्हणून तुम्हाला विचारलं नाही. करायला दिलं."