शेजारची जागा

न्हाणीघरातला वजनकाटा. टप उघडणारी दोन आसनांची गाडी. चार नवी रुंद चाकं. शेजारी स्वतः बसल्याशिवाय हतूनला जेद्दात गाडी काढू न देणारा थोरला भाऊ, मिशअल.

तो बसला आणि मागचं टायर मडगार्डला घासलं.

"उस्ताद, चाकं चुकली," मिशअल गॅरेजवाल्याला म्हणाला.

"उतरून बघा, शेख."

तो उतरला. मध्ये बोटभर फट पडली.

"जुनीच बसव."

"गाडी माझी आहे," हतून म्हणाली. "हीच राहतील."

"आणि मी कुठं बसू?"

"घरी."

ती एकटीच निघाली. टायर कुठंही घासलं नाही.

गॅरेजला चाकांचं माप कळवण्याच्या आदल्या दिवशी तिनं मिशअलला गमतीनं काट्यावर उभं केलं होतं. एकशे बारा किलो.