टिलव्यांचा नकाशा

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यातही पार ध्रुवाकडून चिमणीएवढे टिलवे पक्षी बेळ्ळंदूरजवळच्या तळ्यावर उतरले, आणि वत्सलाक्कांचा जीव भांड्यात पडला. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या अक्कांनी चार वर्षं बांधावर बसून नकाशा काढला होता. टिलवे उतरतील तिथलं पाणी ओसरलं असं समजायचं आणि ठिपका द्यायचा. तेवढा चिखल तरी वाचावा म्हणून प्रत त्यांनीच सरकारी कचेरीत नेऊन दिलेली. आज त्याच चिखलात लाल फडकी बांधलेले खुंट उभे होते. बेळगावकडचा मोजणीदार अक्कांचं नाव ऐकून हरखला. “नकाशा तुमचाच न्हवं, अक्का? लई उपयोग झाला बघा. पाखरं बसतील तिथं प्लॉट पाडायचं!” तेवढ्यात मातीनं भरलेली लॉरी थांबली, तसे टिलवे भुर्रकन उडून पलीकडच्या काठाला उतरले. मोजणीदारानं डोळ्यांवर आडवा हात धरून पाहिलं आणि उरलेले खुंट खांद्यावर घेतले.