सर्वांत खालचा थर

गोविंदांचा आठवा थर लागताच सगळे कॅमेरे वर गेले. मृण्मयीनेही हंडी फ्रेमच्या वरच्या तृतीयांशात बसवली, फोटो क्लबातल्या सरांनी घोटून घेतलं होतं अगदी तशी.

पण तिचा दादा? तो सर्वांत खाली, मान वाकवून उभा. दरवर्षी पेपरात फोटो येतो आणि आई त्यात त्याला शोधत बसते!

मृण्मयीने चक्क चिखलात लोळण घेतली, पायांच्या गर्दीतून आत घुसली आणि कॅमेरा वर रोखला. दादाच्या मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. तेवढ्यात हंडी फुटली, एकच जल्लोष झाला. दही ओघळत दादाच्या नाकावर आलं आणि तो फिस्सकन हसला. क्लिक!

"अगं, हंडीच कापलीस! कुठाय ती?" फोटो बघून सर वैतागले.

"त्याच्या खांद्यावर, सर!"