यंत्राच्या आत ऐकलेलं

"हलायचं नाही ताई. आवाज मोठा येईल, पण दुखणार नाही. घाबरलात तर हा फुगा दाबा," म्हणत तंत्रज्ञानं उज्ज्वलाच्या कानांवर हेडफोन चढवला आणि तिला एमआरआयच्या बोगद्यात सरकवलं. अंगातल्या गाऊनला आधीच्या कुणाच्या तरी घामाचा वास होता. पण मणक्याची तपासणी एकदाची व्हायलाच हवी होती.

यंत्र हातोडे मारल्यासारखं ठणाणलं आणि थांबलं. बाहेर माइक चालूच राहिला असावा, कारण हेडफोनमधून तिच्या नवऱ्याचा, दिगंबरचा, आवाज स्वच्छ ऐकू आला.

"काही निघणार नाही बघा. माझी आई अंथरुणाला खिळली आणि हिची कंबर धरली. म्हातारीचं हगणं-मुतणं काढायला नको, म्हणून सोंग."

कुणीतरी हसलं.

वर्षभर कळा सोसत सासूला तिनंच कुशीवर वळवलं होतं, चादरी तिनंच धुतल्या होत्या. दिगंबर त्या खोलीच्या दारातूनच नाकाला रुमाल लावून परत फिरायचा. फुगा दाबून बाहेर पडावंसं वाटलं. तरी ती हलली नाही.

नंतर डॉक्टरांनी दोघांना बसवून पडद्यावर दाखवलं. मणक्यातली गादी सरकून नस दबली होती. "ऑपरेशन लागेल. वाकणं, उचलणं आजपासून बंद."

"मी केव्हाचा म्हणत होतो, दाखवून घेऊ," म्हणत दिगंबरनं तिला उठवायला हात पुढे केला.

तो हात आपल्याला लागणार, या विचारानंच तिला शिसारी आली.

"आजपासून आईंचं सगळं तुम्ही करायचं," ती म्हणाली आणि टेबलाची कड धरून एकटीच उठली.