वरची मोरी

गवंड्याने वरच्या मोरीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला, तीन बादल्या पाणी ओतलं आणि त्यात लाल रंगाची पुडी सोडली.

"आता दोन तास थांबायचं," तो म्हणाला. "मोरी गळत असेल तर खालच्या भिंतीवर लाल उतरेल. नसेल तर नाही."

"उतरणारच," खालच्या मजल्यावर राहणारे निवृत्त ओव्हरसियर म्हणाले. "हातच्या कंकणाला आरसा कशाला! पण वहिनींना एकदा डोळ्यांनी दिसू दे."

वहिनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको, दारात उभ्या होत्या. भाऊ गेल्यापासून वरच्या मजल्यावर एकट्याच राहत. लाल उतरलं तर मोरी कायमची बंद करायची असं ठरलं होतं; म्हणजे ओव्हरसियरांनी ठरवलं होतं. मग अंघोळीला अंगणातली न्हाणी. मधे सव्वीस पायऱ्या, आणि वहिनींचे गुडघे पंचाहत्तर वर्षांचे.

घर दोनशे वर्षांचं, सरकारी वारसा-यादीतलं. लोक रस्त्यात थांबून त्याचे फोटो काढत. पण मोरीच्या बरोबर खालच्या, बैठकीच्या भिंतीला नऊ वर्षं ओल होती. रंगाचे पापुद्रे सुटत, मागे पांढरा क्षार फुलून येई, आणि ओव्हरसियर येणाऱ्या-जाणाऱ्याला छताकडे बोट दाखवून सांगत, "आमच्या वहिनींची कृपा!"

दोन तास ते भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले. लाल ठिपका काही दिसेना.

"अजून दोन बादल्या ओत रे."

गवंड्याने ओतल्या. आणखी तासाभराने त्याने भिंतीवरून हात फिरवला. छताजवळ ती ठणठणीत कोरडी होती. गुडघ्याच्या उंचीवर हात ओला झाला. त्याने तिथे छिन्नी लावून एक टवका उडवला. आत बोटभर जाड सिमेंट निघालं, आणि त्यामागचा जुना चुना भिजून लगदा झालेला.

"साहेब, पाणी वरून येतच नाही. खालून चढतंय. चुन्याची भिंत जमिनीतली ओल घेते आणि वाऱ्याला देऊन टाकते. हिला सिमेंट थापून वर ऑइलपेंट मारलाय. बाहेर अंगणातही भिंतीला चिकटून काँक्रीट. ओलीने जायचं कुठे? कुणा शहाण्याने केलं हे?"

शहाणे खुर्चीतच बसले होते. जन्मभर रस्ते बांधलेला माणूस. सिमेंटवर त्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा. नऊ वर्षांपूर्वी भर उन्हात उभं राहून त्यांनी हे काम करून घेतलं होतं.

"ते... फार आधीचं आहे," ते म्हणाले.

वहिनी जिन्यात येऊन थांबल्या होत्या. त्यांनी ऐकलं. ओव्हरसियरांना त्यांच्याकडे बघवेना.

"आणखी एक विचारू?" गवंडी म्हणाला. "वरची मोरी वापरत नाही का कुणी? बोळा कोंबायच्या आधी मला तिच्या तोंडावरचं जळमट काढावं लागलं."

वहिनीच म्हणाल्या, "मी घमेल्यात बसते भाऊजी. ओल्या फडक्याने अंग पुसून घेते. पाणी उरतं ते गॅलरीतल्या कुंड्यांना. म्हटलं, तुमची भिंत तरी वाळेल."

"कधीपासून?"

"तुम्ही व्याह्यांसमोर बोललात ना, तेव्हापासून."

म्हणजे आठ वर्षं तरी झाली. आठ वर्षं वर थेंब सांडला नव्हता, आणि ते छताकडे बोट दाखवत राहिले होते. एकदाही सव्वीस पायऱ्या चढून बघितलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सिमेंट मीच लावून घेतलं होतं," ते गवंड्याला म्हणाले. बोलले गवंड्याशी, पण ऐकवायचं दुसऱ्या कुणाला होतं. "मघाशी खोटं बोललो."

गवंड्याने छिन्नी पुसून पिशवीत टाकली. "उद्यापासून फोडायला येतो. भिंतीलगतचं काँक्रीट हातभर काढू, मग चुन्याचा गिलावा. पण घाई नाही चालायची. इतकी मुरलेली ओल वाळायला वर्ष-दीड वर्ष लागेल."

बोळा काढून, रंगाचं पाणी सोडून, मोरी धुऊन तो गेला.

ओव्हरसियरांनी बादलीभर पाणी तापवलं. ते स्वतः घेऊन जिना चढले, दोनदा थांबून. बादली मोरीत ठेवली. माफीचा शब्द ओठांपर्यंत आला होता, पण निघाला तो दुसराच.

"वहिनी, आज डोक्यावरून घ्या. भरपूर घ्या. लागलं तर आणखी आणतो."

ते खाली येऊन बसले. वरून पाणी पडल्याचा आवाज आला. एक तांब्या. दुसरा. मग आवाज थांबला.

मोरीच्या खिडकीतून वहिनींची हाक आली.

"भाऊजी, बघता का जरा? खाली येत नाही ना?"