ऑड्रेची बट

"हलू नकोस!" क्लेमंट ओरडला. ऑड्रेच्या हातातलं काकडीचं सँडविच तोंडापाशीच थांबलं. तिच्या गुडघ्यावर बसलेला किडा क्लेमंटने अलगद चिमटीत धरला आणि तो नमुन्याला घेऊन पुन्हा नदीकडे पळाला.

आज त्यांच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. सगळे वसंत ऋतू ऑड्रेने ह्या इचेन नदीच्या काठावर, घडीच्या खुर्चीत काढले होते. यंदा तिने ठरवलं होतं: सूर्य मावळायच्या आत नवऱ्याच्या तोंडून एक तरी प्रेमाचा शब्द निघाला नाही, तर उद्या सकाळच्या गाडीने कायमचं बहिणीकडे. बॅग भरून तयार होती.

मे महिन्यातले किडे पाण्यावर नुसते उसळले होते. ह्या पंधरवड्यात ठोंब्यालासुद्धा ट्राउट मासा मिळतो म्हणतात. क्लेमंटला एक मिळेल तर शपथ! मासे वर येत, खरे किडे मटकावत, आणि त्याने गळावर बांधलेला पिसं-दोऱ्याचा खोटा किडा दिसला की पाठ फिरवत. "रंग चुकतोय गं, रंग!" तो कपाळ बडवत होता. सकाळपासून सोळा किडे बांधून झाले होते.

ऊन कललं. ऑड्रेने थर्मासचं झाकण लावलं. तिचे डोळे भरून आले. संपलं सगळं.

तेवढ्यात क्लेमंट वळला आणि तिच्याकडे बघतच राहिला. मग रबरी बुटांसकट चिखलात गुडघे टेकून बसला.

"ऑड्रे, तुझ्या केसांना उन्हात काय सुंदर रंग येतो गं! इतकी वर्षं मी आंधळा होतो का? एक बट देतेस?"

ऑड्रे विरघळली. "चल, ह्या वयात काहीतरीच!" म्हणत तिने त्याचीच कात्री घेऊन भलीमोठी बट कापून दिली. "जपून ठेव हं."

"म्हणजे काय!" म्हणत क्लेमंटने तिथेच बसकण मारली, आणि बट गळाला गुंडाळायला घेतली.

पहिल्याच फेकीला गळाची काठी वाकली. पाच मिनिटांत चांगला हातभर ट्राउट जाळ्यात तडफडत होता. क्लेमंट नाचतच वर आला.

"ऑड्रे, आता दर वर्षी हाच किडा! असला रंग जगातल्या कुठल्याही दुकानात मिळायचा नाही!"

"मिळतो. बाटलीत," ऑड्रे टोपी चढवत म्हणाली. "रंगाखालचे केस कधीच पांढरेफटक झालेत. बाटली कुठली ते मी सांगायची नाही. आणि दर मे महिन्यात असाच चिखलात बसून गोड बोललास, तरच तो रंग लावीन."